घरच्या फायबरवर बुलेटिन बोर्ड: वाट, वीज आणि मराठी अक्षरं

विचारलेलं थोडक्यात असं आहे. गुहागरजवळच्या गावात घर, गावातल्या केबलवाल्याचं फायबर, हाताशी एक जुना लॅपटॉप. त्यावर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) आणि सिंक्रोनेट (बोर्ड चालवणारा प्रोग्राम) टाकून बुलेटिन बोर्ड उभा केला आहे, म्हणजे लोकांनी दुरून जोडून पत्रं वाचावीत-लिहावीत असा अक्षरांचा फलक. घरातल्या दुसऱ्या मशीनवरून तो उघडतो, पण पुण्यातल्या मित्राला लागत नाही. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड, म्हणजे बाहेरून येणारा कॉल लॅपटॉपकडे वळवणं, करून झालं आहे. पावसाळ्यात वीज जाते त्याचं काय करावं, आणि बोर्डावर मराठी लिहिता-वाचता येईल का, हे पुढचे दोन प्रश्न.

पैसे आणि वेळ कुठे घालायचा हे आधी ठरवू. बोर्डाची खरी किंमत तो लागतो यात आहे. वॉर्ड क्रिस्टेनसेन आणि रँडी सुएस यांनी फेब्रुवारी १९७८ मध्ये शिकागोत पहिला बोर्ड सुरू केला, तेव्हा त्याला एकच टेलिफोन लाइन होती आणि एका वेळी एकच माणूस आत येऊ शकत असे. तरी तो चालला, कारण नंबर फिरवला की पलीकडचं मशीन फोन उचलत असे. गेम, रंगीत पडदे, फाइलींचा साठा हे सगळं नंतरचं. दोनदा येऊन बंद दार बघितलेला माणूस तिसऱ्यांदा सहसा येत नाही.

म्हणून वेगवान प्लॅन घेऊ नका. ८० बाय २५ चा पडदा म्हणजे २,००० अक्षरं, रंगांचे संकेत धरून फार तर ८ किलोबाइट. दहा जण एकदम आत आहेत आणि प्रत्येक जण दर पाच सेकंदांनी पडदा उलटतो आहे असं धरलं, तरी सेकंदाला १६ किलोबाइट होतात, म्हणजे साधारण १३० केबीपीएस. सगळ्यात स्वस्त फायबर प्लॅनमध्येही हे कुठल्या कुठे मावतं. वाचलेले पैसे बॅटरीत आणि वाटेत घाला.

आता वाट. फॉरवर्ड करूनही बोर्ड लागत नसेल तर तीन गोष्टी क्रमाने बघा. पहिली म्हणजे चाचणीच चुकलेली असते. घरच्या वायफायवरून आपलाच बाहेरचा पत्ता टाकला, तर बाहेर जाऊन परत आत येणारा हा फेरा बरेच राउटर होऊ देत नाहीत, आणि चालू बोर्डही बंद भासतो. मोबाइलचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून तपासा. दुसरी, लॅपटॉपचा घरातला पत्ता वीज जाऊन आल्यावर बदललेला असतो आणि फॉरवर्ड जुन्याच पत्त्याकडे बोट दाखवत राहतो. राउटरच्या डीएचसीपीमध्ये (घरातले पत्ते वाटणाऱ्या भागात) लॅपटॉपसाठी पत्ता राखून ठेवा. तिसरी गोष्ट बहुधा तुमच्याकडे आहे ती. राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, किंवा १० ने, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. एकच सार्वजनिक पत्ता केबलवाल्याने किंवा त्याच्या वरच्या कंपनीने अनेक घरांत वाटलेला आहे. तुमच्या राउटरमध्ये कितीही दारं उघडा, त्याच्या बाहेरचं फाटक तुमच्या हातात नाही.

यावर सरळ उपाय म्हणजे स्थिर सार्वजनिक पत्ता विकत घेणं. केबलवाल्याला विचारा, काही जण महिन्याच्या जादा पैशांवर देतात. मिळाला तर घ्या. पण घरगुती प्लॅनच्या अटींत सर्व्हर चालवायला मनाई आहे का, तेही त्याच वेळी वाचा आणि लेखी विचारून घ्या. आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) मिळत असेल तर तीही एक वाट आहे. तिथे वाटणी नसते, मात्र राउटरची भिंत उघडावी लागते आणि लॅपटॉपला अधूनमधून बदलणाऱ्या पत्त्याऐवजी टिकणारा पत्ता द्यावा लागतो. कॉल करणाऱ्याकडे आयपीव्ही६ नसेल तर त्याला तुम्ही दिसणारच नाही, म्हणून ही वाट जोडीला ठेवा, एकटी नको.

कोकणात बहुतेक घरांना टिकाऊ ठरते ती तिसरी वाट. मुंबईत किंवा बेंगळुरूत एक छोटा भाड्याचा आभासी सर्व्हर घ्यायचा आणि घरून त्याच्यापर्यंत वायरगार्ड या व्हीपीएन प्रोग्रामचा बोगदा खणायचा. एक कोअर आणि ५१२ एमबी मेमरी पुष्कळ झाली, कारण त्याचं काम फक्त दारात उभं राहून माणसांना घरी पाठवण्याचं. सर्व्हर परदेशात घेऊ नका. बोर्डावर दाबलेलं प्रत्येक अक्षर सर्व्हरकडे जाऊन परत येतं तेव्हा पडद्यावर उमटतं. अमेरिकेतून फेरा मारून आलेलं अक्षर पाव सेकंद उशिरा उमटतं आणि टाइप करणारा वैतागतो.

मांडणी अशी करा. बाहेरच्या सर्व्हरचा बोगद्यातला पत्ता १०.८.०.१, घरच्या लॅपटॉपचा १०.८.०.२. वायरगार्ड यूडीपी पोर्ट ५१८२० वर. घरच्या बाजूला कीप-अलाइव्ह (जोडणी जागी ठेवणारी खूण) २५ सेकंदांचा द्या, नाहीतर केबलवाल्याचं नॅट थोड्या वेळाने बोगदा विसरून जातं आणि बाहेरून आत येणारा पहिला कॉल हरवतो. बाहेरच्या सर्व्हरवर आयपी फॉरवर्डिंग चालू करा आणि बोर्डाच्या पोर्टावर येणारं सगळं डीनॅट करून, म्हणजे पोचायचा पत्ता बदलून, १०.८.०.२ कडे वळवा.

इथे बऱ्याच लिखित कृती मास्करेड करायला सांगतात. ते करू नका. मास्करेड केलं की बोर्डाला प्रत्येक कॉल १०.८.०.१ वरून आल्यासारखा दिसतो. एखाद्या उपद्रवी पत्त्यावर बंदी घातली की ती सगळ्यांवर बसते, आणि लॉगमध्ये कोण आलं-गेलं याचा पत्ताच राहत नाही. मास्करेड नको असेल तर घरच्या मशीनला उत्तरं बोगद्यातूनच परत पाठवायला शिकवावं लागतं. वायरगार्डच्या घरच्या फाइलीत परवानगीचे पत्ते ०.०.०.०/० ठेवा, टेबल बंद करा, एक वेगळा रूटिंग टेबल बनवून त्यात डीफॉल्ट वाट बोगद्याची द्या, आणि नियम लावा की १०.८.०.२ कडून निघणारं सगळं या टेबलाने जाईल. घरातलं बाकी इंटरनेट नेहमीच्या वाटेनेच जात राहतं. एवढं करूनही कॉल लागत नसेल तर बोगद्याच्या इंटरफेसवरचं आरपी-फिल्टर १ वरून २ करा. कडक फिल्टरला पुण्याचा पत्ता बोगद्यातून आलेला दिसतो, त्याची मुख्य वाट मात्र केबलवाल्याकडून आहे, म्हणून तो पॅकेट खोटं समजून फेकतो आणि लॉगमध्ये अवाक्षर लिहीत नाही.

आणखी एक लक्षण ओळखून ठेवा. स्वागताची ओळ दिसते, नाव-पासवर्ड जातो, पण पहिला मोठा रंगीत पडदा अर्ध्यात गोठतो. याचं कारण पॅकेटचा आकार. वायरगार्ड मुळात १,४२० बाइट धरतं, पण पीपीपीओई (नाव-पासवर्डने जोडणाऱ्या) लाइनवर १,५०० ऐवजी १,४९२ च मिळतात, म्हणून बोगद्याचा एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) दोन्ही टोकांना १,४१२ करा. खालून आणखी एखादा थर असेल तर १,३८० पर्यंत उतरा.

आता पोर्ट. टेलनेट ही बोर्डाला जोडायची जुनी पद्धत. तिचा मूळ पोर्ट २३ मोह पाडतो, पण त्यावर जगभरचे बॉट (आपोआप दारं तपासणारे प्रोग्राम) दिवसरात्र टकटक करतात. २०१६ च्या मिराई या उपद्रवी प्रोग्रामपासून हा त्रास कायमचा झाला आहे. पळवाट म्हणून अनेक जण २३२३ घेतात, मिराई तोही तपासत असे. वेगळा, लक्षात राहील असा आकडा घ्या, समजा ६४२३. बॉटचा खरा त्रास घुसखोरीपेक्षा जागा अडवण्याचा असतो. चार नोडचा, म्हणजे एका वेळी चार जणांना जागा असलेला, बोर्ड असेल तर चार बॉट नावाच्या ओळीवर बसून राहतात आणि माणसाला "सगळे नोड व्यस्त" ऐकायला मिळतं. म्हणून एका पत्त्यावरून एका वेळी दोनच जोडण्या, लॉगिनपूर्वी ६० सेकंदांत काही झालं नाही तर जोडणी तोडा, आणि नाव विचारण्याआधी "एस्केप दोनदा दाबा" अशी एक पायरी ठेवा. ही शेवटची पायरी बावळट वाटते, पण बहुतेक बॉट तिथेच गळतात. नोड दहा ठेवायला काही हरकत नाही, प्रत्येक नोडला मेमरी फार लागत नाही.

टेलनेट उघडं आहे, पासवर्ड वाटेत वाचता येतो. म्हणून एसएसएच (वाटेत वाचता न येणारी जोडणी) हेही चालू ठेवा, आणि नोंदणीच्या पडद्यावर ठळक लिहा की बँकेचा, मेलचा पासवर्ड इथे वापरू नका. बोर्डाचा लॅपटॉप घरातल्या फोन-टीव्हीच्या नेटवर्कपासून तोडा: राउटरला पाहुण्यांचं वेगळं नेटवर्क लॅन पोर्टाला जोडता येत असेल तर त्यात, नाहीतर दुसरा स्वस्त राउटर मध्ये घालून. सिसॉपचं (बोर्ड चालवणाऱ्याचं) खातं बाहेरून उघडूच देऊ नका.

वाचताना लाइन तुटते अशी तक्रार आली तर तेही बहुधा नॅटचंच काम असतं. लांब पत्र वाचत माणूस दहा मिनिटं कळ दाबत नाही, मधला एखादा राउटर जोडणी मेली समजतो. लिनक्स मुळात ७,२०० सेकंदांनी जोडणी जिवंत आहे का विचारतं. बोर्डाच्या मशीनवर ते ६० सेकंद करा.

वीज हा कोकणातला खरा विषय आहे आणि इथे घाई नको. आधी लागणारी शक्ती मोजा. पडदा बंद केलेला जुना लॅपटॉप १० ते १५ वॅट घेतो, फायबरचा डबा ८ ते १० वॅट. दोन्ही मिळून २१ धरू. महिन्याला साधारण १५ युनिट. त्याऐवजी जुना डेस्कटॉप ठेवला तर ६० वॅटने ४३ युनिट होतात, म्हणून लॅपटॉपची निवड तुम्ही बरोबर केली आहे.

घरात मोठा इन्व्हर्टर असला तरी त्यावर हे दोन डबे चालवणं म्हणजे दोन नारळांसाठी टेम्पो करण्यासारखं आहे. इन्व्हर्टर रिकामा चालतानाही स्वतःच कित्येक वॅट खातो. डीसी ते डीसी चालवा. बाजारात राउटरसाठी छोटे यूपीएस मिळतात, त्यांच्यावरचा मिलीअँपिअर-तासांचा आकडा फसवा असतो. ८,८०० लिहिलेलं असतं ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचं, म्हणजे ३२ वॅट-तास. ९ वॅटच्या डब्याला त्यातून जेमतेम तीन तास मिळतात. रोजच्या खेपांना हे पुरतं. श्रावणातल्या रात्रभराच्या खंडाला पुरत नाही. त्यासाठी १२.८ व्होल्ट, २० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्या. २५६ वॅट-तासांतले ८० टक्के वापरले आणि रूपांतरातली दहा टक्के गळती धरली, तर २१ वॅटवर पावणेनऊ तास मिळतात, वर लॅपटॉपच्या स्वतःच्या बॅटरीचे दोन-तीन तास. फायबरचा डबा मात्र या बॅटरीला थेट जोडू नका. चार्ज होताना ती १४.६ व्होल्टपर्यंत जाते आणि १२ व्होल्टचा डबा ते सहन करेलच असं नाही. मध्ये १२ व्होल्ट स्थिर देणारा बक-बूस्ट कन्व्हर्टर आणि बॅटरीच्या तोंडाशी ५ अँपिअरचा फ्यूज हवाच. लॅपटॉपला गाडीतला चार्जर चालतो.

एवढं करूनही वीज गेल्यावर नेट जात असेल तर केबलवाल्याची लाइन कशी आहे ते विचारा. जीपॉन (घरापर्यंत सलग फायबर) असेल तर खांबावरच्या स्प्लिटरला वीज लागतच नाही, त्याच्या ऑफिसात बॅटरी असली की झालं. पण खांबावर पेटीत स्विच ठेवून तिथून घरात तांब्याची कॅट केबल आणली असेल, तर गावची वीज गेली की तो स्विचही जातो. अशा लाइनवर घरी कितीही मोठी बॅटरी लावा, उपयोग नाही. जीपॉन देणारा दुसरा मिळतो का बघा.

तांब्याच्या त्या केबलचा दुसरा धोका विजांचा. आषाढातल्या संततधारेपेक्षा वैशाखातला वळीव आणि हस्ताचा पाऊस जास्त कडकडतो, आणि उपकरणं त्याच दिवसांत मरतात. काच वीज वाहत नाही, म्हणून फायबर सुरक्षित असं धरून चालतात, पण खांबावरून येणाऱ्या ड्रॉप केबलला आधाराची पोलादी तार असते. ती तार घराबाहेरच छाटून टाका, आत फक्त नाजूक भाग घ्या. तांब्याची केबलच येत असेल तर घरात दोन मीडिया कन्व्हर्टर घेऊन त्यांच्यामध्ये मीटरभर फायबर टाका. पहिला कन्व्हर्टर जाईल, पण लॅपटॉप वाचेल.

सर्ज प्रोटेक्टर लावलाच पाहिजे, विजेच्या मुख्य बोर्डावर टाइप २ चा. मात्र अर्थिंग नसेल तर तो नुसता शोभेचा. सड्यावरच्या, जांभ्यातल्या घरांची अडचण इथेच आहे: कातळात खड्डा उथळ होतो आणि माती कोरडी पडली की रोध वाढतो. पावसाळ्यात ठीक दाखवणारं अर्थिंग मे महिन्यात निकामी असू शकतं, आणि वळीव मेमध्येच येतो. परवानाधारक वायरमनकडून अर्थ टेस्टरने मेमध्ये मोजून घ्या, ५ ओहमच्या आत हवं. शक्य असेल तर खड्डा विहिरीच्या किंवा मोरीच्या पाण्याच्या बाजूला घ्या. न्यूट्रल तुटला की घरात ४०० व्होल्टपर्यंत येतात. झावळ तारांवर पडल्यावर होतं ते हेच. त्यासाठी जास्त-कमी व्होल्टेजला आपोआप तोडणारा डबा वेगळा लागतो, सर्ज प्रोटेक्टर ते काम करत नाही.

केबलची वाट एकदा स्वतः चालून बघा. माडाखालून गेलेली केबल झावळ पडून कधीतरी तुटणारच. पोफळीला आवळून बांधलेली केबल वाऱ्याने झाड डोलताना रोज थोडी थोडी वाकते, तिथे सैल फेरा सोडा. वानरं लोंबकळतात ती जागा बहुधा गावाला माहीत असते, तिथून वर-खाली करून न्या. फायबरच्या डब्याच्या पानावर येणारी प्रकाशशक्ती कोरड्या दिवशी लिहून ठेवा. उणे १५ ते उणे २५ डीबीएमच्या दरम्यान असावी, उणे २७ च्या खाली जीपॉनचा डबा आंधळा होतो. कोरड्या दिवशी उणे २१ आणि पावसात उणे २६ होत असेल तर वाटेतल्या जोडात पाणी शिरलं आहे किंवा केबल कुठेतरी ताणून वाकली आहे. केबलवाल्याला "नेट स्लो आहे" सांगण्यापेक्षा हे दोन आकडे द्या, तो सरळ जोडाकडेच जाईल.

खाऱ्या हवेबद्दल लोक उलटं करतात: पावसाळ्यात मशीन बंद करून कपाटात ठेवतात. चालू मशीन कोमट असतं, त्यावर दव धरत नाही. आठवडाभर बंद ठेवलेल्या मशीनच्या सर्किटवर ओल बसते, मीठ ती ओढून घेतं आणि संपर्कांवर हिरवट पुटं चढतात. चालू ठेवा, समुद्राकडच्या खिडकीपासून लांब, भिंतीपासून वीतभर सोडून, छतापासून खाली. वाय-फायऐवजी छोटी लॅन केबल वापरा आणि वर्षातून दोनदा तिचे संपर्क आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा. डब्याच्या भोकांतून मुंग्या आत घर करतात. त्यावर औषध फवारू नका, डबा पाय असलेल्या फळीवर ठेवून पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, फडताळाला ठेवतात तशा.

लॅपटॉपच्या तीन गोष्टी. झाकण मिटलं की तो झोपतो, म्हणून लॉगिनडी या डेबियनच्या सेवेच्या फाइलीत झाकणाच्या कृतीला "इग्नोर" करा. बॅटरी सतत शंभर टक्क्यांवर राहिली की फुगते. चार्जची मर्यादा ८० ला बांधता येत असेल तर बांधा, आणि टचपॅड वर उचललेला दिसला तर बॅटरी त्याच दिवशी काढा. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर एसएसडी घाला. रास्पबेरी पायचा विचार असेल तर एसडी कार्डवर चालवू नका, वीज जाण्याने आणि सततच्या लॉगने कार्ड मरतं. शिवाय डॉसचे डोअर गेम (बोर्डातून उघडणारे जुने खेळ) इंटेलच्या लॅपटॉपवर डॉसएमूने चालतात, पायच्या एआरएम प्रोसेसरवर ते फार जड जातं. हाही लॅपटॉपच्या बाजूचाच मुद्दा.

बॅटरी २० टक्क्यांवर आली की मशीन स्वतः नीट बंद होईल अशी व्यवस्था करा. अर्ध्यात वीज गेली की पत्रांच्या साठ्याची सूची तुटते. सिंक्रोनेटमध्ये चेकएसएमबी (chksmb) दोष दाखवतं, फिक्सएसएमबी (fixsmb) दुरुस्त करतं. दुरुस्तीआधी प्रत काढा. रात्रीची प्रत बाहेरच्या सर्व्हरवर पाठवत जा. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा दापोली-मंडणगडाकडच्या कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. अशा वेळी घरातली प्रत घरातच अडकते.

आणि त्या दिवसांसाठी बाहेरच्या सर्व्हरचा एक सुंदर उपयोग आहे. दर मिनिटाला त्याने घरी पिंग करावं. तीनदा उत्तर आलं नाही तर डीनॅटचा नियम उचलून बोर्डाचा पोर्ट स्वतःवर घ्यावा आणि चार ओळी दाखवाव्यात: घरची वीज गेली आहे, बोर्ड शाबूत आहे, अमुक वेळेपासून बंद आहे. सोकॅट या छोट्या प्रोग्रामने हे दहा ओळींत होतं. माणसाला निरोप मिळतो, आणि तो परत येतो.

आता मराठी. हा भाग बोर्डवाल्यांच्या जगात अजून कच्चा आहे, म्हणून थोडं मुळातून. जुने बोर्ड आयबीएमच्या कोडपेज ४३७ या अक्षरांच्या तक्त्यावर उभे आहेत. त्यात चौकटीच्या रेघा आहेत, देवनागरी नाही. सिंकटर्मसारखी खास बोर्डांसाठीची टर्मिनल त्याच अक्षरसंचावर चालतात, मराठी तिथे प्रश्नचिन्हं होऊन येते. आपल्याकडे १९९१ मध्ये आयएस १३१९४ म्हणून इस्की हे मानक ठरलं, त्यात देवनागरीचा एक संकेत एका बाइटात बसे, आणि सी-डॅकच्या जिस्ट कार्डने डॉसच्या पडद्यावर ती अक्षरं उमटत. ते कार्ड नसलेल्याला काहीच दिसत नसे. आज मार्ग यूटीएफ-८ चाच, म्हणजे सगळ्या लिप्या सामावणाऱ्या युनिकोडच्या साठवणीचा. सिंक्रोनेट कॉल लागताच पलीकडचं टर्मिनल यूटीएफ-८ समजतं का ते तपासतं, त्यानुसार दोन मुखपृष्ठं ठेवा: एक रंगीत जुन्या धाटणीचं, एक मराठी.

टर्मिनलचा पडदा म्हणजे वहीतले चौकोन, एका चौकोनात एक अक्षर. देवनागरी या चौकोनांत बसत नाही. काना, वेलांटी, जोडाक्षर यांची रुंदी काही टर्मिनल शून्य धरतात, काही एक. म्हणून मराठी पडद्यावर उजवीकडची चौकटीची रेघ कधीच काढू नका, ती प्रत्येक ओळीला वेगळ्या जागी पडते. दोन स्तंभांची यादीही नको. एका ओळीला एक पर्याय, आकडा डावीकडे, मजकूर उजवीकडे मोकळा. ओळ ४० च्या आत ठेवा, कारण तुमचे निम्मे लोक फोन उभा धरून येणार. पर्याय आकड्यांनीच निवडू द्या, आणि "3" दाबलं किंवा "३" दाबलं तरी तेच उघडेल असं जोडा. मराठी कीबोर्ड चालू असलेला माणूस देवनागरी आकडाच दाबतो आणि बोर्ड गप्प बसतो, असं फार होतं.

साठवण्यातली मेख अशी. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइट घेतो, आणि मात्रा, हलन्त हेही स्वतंत्र मोजले जातात. "श्रीवर्धन" आपल्याला चार अक्षरं दिसतात, आत नऊ संकेत असतात, म्हणजे २७ बाइट. फिडोनेट या बोर्डांच्या संदेशजाळ्याच्या पत्रांत विषयाला ७१ बाइट आणि नावाला ३५ मिळतात. म्हणजे विषयात मराठीचे २३ संकेत, नावात ११. जास्त झालं की शेपूट कापली जाते, आणि काप तीन बाइटांच्या मधोमध पडला तर शेवटी कचरा दिसतो. म्हणून विषय लिहितानाच बाइट मोजून थांबवा, नावं लॉगिनपुरती रोमन ठेवा आणि मराठी नाव पत्राखालच्या सहीत येऊ द्या.

शोध लावणार असाल तर "ऱ्य" ची काळजी घ्या. "किनाऱ्यावर" हा शब्द कोणाचा कीबोर्ड "ऱ" वापरून लिहितो, कोणाचा साध्या "र" ला हलन्त देऊन त्यानंतर न दिसणारा जोडक घालून. पडद्यावर दोन्ही सारखे, शोधात दोन वेगळे. साठवताना एनएफसी (युनिकोडचं एकसारखं केलेलं) रूप करा, आणि जोडकाचं रूप "ऱ" मध्ये बदलणारा एक नियम स्वतः लिहा, कारण एनएफसी तेवढं करत नाही.

लोक कशाने येणार? संगणकावर एमएलटर्म किंवा कॉन्सोलमध्ये मराठी बऱ्यापैकी जुळते. फोनवर टर्मक्स. ज्यांना यातलं काही नको त्यांच्यासाठी सिंक्रोनेटसोबत येणारं ब्राउझरमधलं टर्मिनल आहे, त्याचे पोर्ट ११२३ आणि सुरक्षित ११२३५ हेही बोगद्यातून न्या. पण त्या टर्मिनलवर जुना पडदाच दाखवा.

रिकामा बोर्ड माणसांना धरत नाही, म्हणून पहिल्याच महिन्यात एखाद्या संदेशजाळ्याला जोडून घ्या. फिडोनेट किंवा एफएसएक्सनेटच्या हबला तुमचं मशीन बिंकपी या पत्रं देण्याघेण्याच्या पद्धतीने, पोर्ट २४५५४ वर, स्वतः जाऊन पत्रं घेऊन येतं. बाहेर जाणाऱ्या जोडणीला सीजीनॅट अडवत नाही. रात्री दोन-तीन खेपा पुरेत.

नोंदी नीट ठेवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संगणक-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत लॉग १८० दिवस जपण्याचं आणि घड्याळ एनटीपीला (इंटरनेटवरच्या प्रमाण वेळेला) जुळवण्याचं सांगितलं आहे. डेबियन मुळात चारच आठवड्यांचे लॉग ठेवतं, लॉगरोटेटमध्ये ते २६ आठवडे करा. बोर्डाचे नियम आणि तक्रार कुठे करायची तो मेल पहिल्या पडद्यावर असू दे, आणि नवीन नोंदणी हाताने मंजूर करा. गावाएवढ्या बोर्डाला ते जड नाही.

शेवटची चाचणी वळिवाआधी, एप्रिलअखेर करा. कोणाला न सांगता घराचा मुख्य स्विच पाडा, बॅटऱ्या पूर्ण उतरू द्या, मग स्विच वर करा, लॅपटॉपचं बटण दाबा आणि मोबाइल डेटावरून बोर्ड किती मिनिटांत लागतो ते घड्याळ लावून बघा. फायबरचा डबा उठायला दोन-तीन मिनिटं घेतो, लॅपटॉप त्याआधीच उठतो. बाहेरच्या सर्व्हरचा पत्ता वायरगार्डमध्ये नावाने लिहिला असेल तर त्या क्षणी नाव उलगडायला कोणी नसतं, बोगद्याची सेवा चूक देऊन थांबते आणि पुन्हा उठत नाही. तिथे नाव काढून आकड्यांतला पत्ता लिहा.